सात किल्ल्या

नऊ वर्षं माझ्या पर्समध्ये सात किल्ल्यांचा जुडगा होता. चर्चच्या मोठ्या दाराची, पाळकांच्या खोलीची, भांड्यांच्या खोलीची, रजिस्टरांच्या कपाटाची, माइकच्या पेटीची, अर्पणपेटीच्या दोन कुलपांपैकी एकाची आणि मीटरच्या जाळीची. घरातून निघताना मी मोबाईल विसरेन, पण जुडगा नाही. रात्री दहाला कोणाचा फोन आला, "ताई, सतरंज्या पाहिजेत, पाहुणे आलेत," की मी स्कूटी काढायची. आमचे मिस्टर म्हणायचे, "स्वर्गाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या पेत्राकडेसुद्धा एवढ्या नसतील." मला ते कौतुक वाटायचं.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं आणि पुढे खेडोपाडी ख्रिस्ती लोकांच्या ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली आमची एक. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हापासून आम्ही त्यात. सवयी मात्र जुन्याच राहिल्या. बिशपसाहेब तिकडे दूर, इथलं सगळं मंडळीने बसून ठरवायचं. म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे वाद. बासष्ट कुटुंबं, अकरा जणांची कमिटी, आणि मी सेक्रेटरी. दिवसा एका पतसंस्थेत कॅशियर.

जुडगा माझ्या हातून सुटला तो एका हंगामाच्या सणाने.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोक शेतातलं, परसातलं पहिलं काही आणून वेदीपुढे ठेवतात. बाजरीची कणसं, उसाची मोळी, कांद्याची गोणी, डांगर, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की बाहेर पटांगणात लिलाव होतो. यात गंमत अशी की चार अंडी तीनशेला जातात, घेणारा ती तिथेच परत ठेवतो, पुन्हा बोली लागते, आता दोनशे. एकच कोंबडी तीन वेळा विकली जाते आणि शेवटी चौथ्याच्या घरी शिजते. पैसे कोणी तिथल्या तिथे देत नाही. "लिहून घ्या, पुढच्या रविवारी देतो." म्हणून सगळा खेळ वहीवर. वस्तू, नाव, रक्कम, जमा की बाकी.

वही माझ्याकडे. चहाही माझ्याकडे. माइकची पेटीही माझ्याकडे. लिलाव रंगात आलेला असताना चुलीकडून हाक आली, गॅस संपला, दुसरी टाकी भांड्यांच्या खोलीत, किल्ली माझ्या पर्समध्ये. किल्ली काढून देता आली असती. मी उठून गेले. परत येऊन बसते तोच माइक कुईकुई करू लागला. तेव्हाही उठले. तिसऱ्यांदा कशासाठी उठले ते आता आठवतही नाही. मधल्या वेळात जो जवळ होता त्याने पेन हातात घेतला. संध्याकाळी बघते तर वीसेक ओळींत वस्तू आहे, रक्कम आहे, नाव नाही. एका ओळीत नुसतं "भाऊ" लिहिलेलं. आमच्याकडे निम्मी मंडळी भाऊ आहे.

अकरा हजार सहाशे चाळीस रुपये लागेनात. रोज लाखांची रोकड मोजणारी बाई मी, पतसंस्थेत पाच रुपयांचा फरक आला तरी घरी जात नाही. मिस्टर म्हणाले, भरून टाक आणि मोकळी हो. भरले. तीच मोठी चूक झाली. ज्यांनी भरताना पाहिलं ते म्हणाले, काही नसतं तर कशाला भरले असते? दोन रविवार मी मागच्या बाकावर बसले, तिसऱ्या रविवारी राजीनाम्याचं पत्र पाळकसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते बायबलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "कमिटीत वाचू."

कमिटीत त्यांनी ते वाचलंच नाही.

पाळकसाहेब तेव्हा येऊन वर्षच झालेलं. तरुण, उपदेश उत्तम, आवाज गोड. त्या दिवशी चहा होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मला दोन गोष्टी जमत नाहीत. मला हिशोब वाचता येत नाही. ताई दर महिन्याला पत्रक आणतात, मी सही करतो, मला त्यातलं काही कळत नाही. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसलो की मला काही सुचत नाही. प्रार्थना म्हणतो आणि पळतो."

खोलीत कोणी हललं नाही. हिशोबाचं एक वेळ ठीक, पण आजाऱ्याला भेटणं हे तर पाळकाचं कामच. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी नंतर मला सांगितलं की त्यांना ते ऐकून शरम वाटली होती, पाळकांची नाही, स्वतःची. त्यांच्या बायकोच्या आजारपणात पाळकसाहेब चार मिनिटांत उठून गेले होते आणि यांनी ते सहा महिने मनात धरून ठेवलेलं.

मग पाळकसाहेबांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढला. गोष्ट सगळ्यांना पाठ. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्न वाटताना ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जातात, कुरकुर होते, येशूचे प्रेषित म्हणतात की वचन सोडून आम्ही पंक्ती वाढत बसणं बरं नाही, तुम्ही सात माणसं निवडा. मला हा अध्याय कधीच आवडला नव्हता. त्यात मला साहेबी दिसायची: आम्ही उपदेश करतो, तुम्ही वाढा. पण आमच्या कमिटीत एक निवृत्त गुरुजी आहेत, ते म्हणाले, "त्या सातांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात कोठाराची किल्ली दिली."

किल्ली हा शब्द गुरुजींनी सहज वापरला असावा. मी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

त्यानंतर पाळकसाहेबांनी सांगितलं, प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, जी मला जमत नाही. काय चांगलं जमतं ते नको, ते आपण सगळे न विचारता सांगतो. अकरा जणांना तास लागला. एकाला वेळेवर येता येत नाही. एकाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो सगळ्याला हो म्हणतो आणि काही करत नाही. एक बाई म्हणाल्या, "मला लोकांचं चांगलं झालेलं बघवत नाही, मी प्रार्थना करते त्यासाठी." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मला गाता येत नाही. सगळे हसले, कारण ते बासष्ट कुटुंबांना माहीत आहे. खरं उत्तर तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या बैठकीला एकजण पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून छापील फॉर्म घेऊन आला. आत्मिक दानं, म्हणजे देवाने कोणाला कोणता गुण दिलाय ते, ओळखायचे शंभर प्रश्न, इंग्रजीवरून ओढूनताणून मराठी केलेले, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आम्ही इमानदारीने भरले. निकाल: अकरापैकी सात जणांना शिकवण्याचं दान, तिघांना पुढारीपणाचं, आणि साहाय्य करण्याचं दान कोणालाच नाही. गुरुजी म्हणाले, "सात मास्तर आणि एक विद्यार्थी नाही." फॉर्म नंतर नाताळच्या कंदिलांना कामी आले.

त्याच शिबिराच्या पुस्तिकेत 'सर्व्हंट लीडर', म्हणजे सेवक पुढारी, या शब्दाची जन्मकथा होती, ती मात्र मला आवडली. १९७० साली हा शब्द चालू केला रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसाने, आणि तो पाळक नव्हता. जन्मभर टेलिफोन कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. कंपनीतल्या माणसाला हे सुचावं आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात 'ज्याला मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं' हे रोज वाचणाऱ्या आम्हांला सुचू नये, याची गंमत वाटली. तो आधी विचारतो, तुम्ही सेवा केलीत त्या माणसाचं काय झालं? तो वाढला का? मी हिशोब केला. नऊ वर्षांत माझ्या हाताखाली कोणी वाढलं नव्हतं. हाताखाली कोणी नव्हतंच.

फॉर्मचा नाद सोडल्यावर पाळकीणबाईंनी साधी युक्ती सुचवली. घरोघर जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. घरात कोणी अत्यवस्थ झालं तर पाळकांच्या आधी कोणाला हाक मारता? भावाभावांत वाजलं तर कोणाला बोलावता? पैशाची नड आली तर कोणाकडे तोंड उघडता? आम्ही दोघी आणि तरुण संघातली दोन मुलं, चार रविवार दुपारी फिरलो, चाळीसेक घरं झाली. प्रत्येक घरी चहा, नको म्हटलं तर राग. पित्ताने माझा जीव गेला.

उत्तरं ऐकून कमिटी गप्प झाली. आजारपणात हाक जायची ती एका बाईला, जी कमिटीत कधीच नव्हती. सरकारी दवाखान्यात आया म्हणून निवृत्त झालेली मावशी. लिहिता-वाचता येत नाही, उपासनेत तिसऱ्या बाकावर बसते, गायनं सगळी तोंडपाठ. एका घरात म्हणाले, "मावशी येऊन काही बोलत नाही. आधी पोतेरं करते, मग पेशंटची चादर बदलते, मग बसते." भांडणात हाक जायची ती गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींना. पैशासाठी नाव आलं एका तरुण मुलाचं, साखर कारखान्यात अकाउंटला लागलेला. तो देत नाही म्हणे, पण कुठून मिळेल ते सांगतो आणि कोणाला बोलत नाही.

माझं नाव चाळीस घरांत एकाच कारणासाठी निघालं. बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे असला तर.

घरी येऊन मी भांडी घासली, जी घासलेली होती.

मग कामं नव्याने वाटायला बसलो. मावशी आजाऱ्यांसाठी, कारखान्यातला मुलगा खजिनदार, पाळकीणबाई बायकांच्या प्रार्थनासभेला. मिस्त्रींचं नाव आलं तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले: मंडप, लाइट, दुरुस्ती. चर्चचं छप्पर त्यांनीच दोनदा फुकट सांधून दिलेलं. त्यांच्याइतकं कोणाला जमतं?

मिस्त्री टोपी हातात फिरवत होते. म्हणाले, "ताई, माझ्या आज्यालाबी गावानं काम नेमून दिलं होतं. मेलेलं ढोर वढायचं. आन तेबी हेच म्हनायचे, तुझ्यावानी कुनाला जमत नाही."

मराठी वाचणाऱ्याला यातलं काही उलगडून सांगायला नको. आमच्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून नि मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. बलुत्याचं गणित आमच्या घरात गोष्टींसारखं सांगितलं जातं. आणि आम्ही काय करत होतो? ज्याला जे जमतं ते त्याच्या नावावर चढवून वर प्रार्थना म्हणत होतो. गुरुजींनी सवयीने करिंथकरांस पहिलं पत्र, बारावा अध्याय काढला. शरीर एक, अवयव पुष्कळ, डोळ्याला हाताची गरज, आणि जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना जास्त मान. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन गुरुजी, पायाला कधी डोळा व्हावंसं वाटलं तर?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्याचं उत्तर त्यांना अजून सापडलेलं नाही, मलाही नाही. पूरक माणसांची टीम बांधा असं सांगणारी माणसं या प्रश्नापाशी येतच नाहीत. ज्याच्या आज्याला काम निवडता आलं होतं, त्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही.

"मिस्त्री, तुम्हाला काय करायचंय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मला शास्त्र वाचायचंय. समोर उभं राहून."

मिस्त्री रात्रशाळेत वाचायला शिकलेले, तेही चाळिशीत. आमच्याकडे शास्त्रवाचनाला दोन कॉलेजच्या मुली आहेत, रेडिओवर बसवाव्या अशा. ताकद बघून काम द्यायचं तर मिस्त्रींना वाचन देणं चूकच. तासभर वाद झाला, शेवटी एक तोडगा निघाला, तो आम्ही कागदावर लिहिला: वर्षाला प्रत्येकाला दोन कामं, एक जमणारं, एक हौसेचं. जमणारं मंडळी सुचवेल, हौसेचं ज्याने त्याने सांगायचं, आणि त्याला कोणी नाही म्हणायचं नाही.

मिस्त्रींनी वाचायला उतारा स्वतः निवडला. नहेम्या, तिसरा अध्याय. पाळकसाहेबसुद्धा चपापले, कारण तो अध्याय म्हणजे यरुशलेमेचा कोट कोणी कोणता तुकडा बांधला त्याची यादी, नावंच नावं. एल्याशीब, मरेमोथ, मशुल्लाम. मिस्त्री बोट ठेवून वाचत होते. प्रत्येक नावाला अडखळत होते, मागे येत होते, पुन्हा चढत होते. बारा मिनिटं गेली. पोरं खिदळायला लागली, मी मागे वळून डोळे वटारले. आठव्या वचनाशी ते थांबले. तिथे एक सोनार आणि एक सुगंधी द्रव्यं करणारा, दोघांनी आपापला तुकडा बांधल्याचं लिहिलंय. मिस्त्रींनी पुस्तकातून मान वर केली आणि शास्त्रात नसलेलं एक वाक्य म्हटलं, "सोनारानं भित बांधली बरं का."

सगळं चर्च हसलं, तेही हसले, आणि पुढचं वाचू लागले. भिंत कशी बांधतात हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तक्रारी आल्या, अजून येतात. आता महिन्यातून एक रविवार त्यांचा असतो, त्या दिवशी उपदेश आखूड.

मावशी आणि खजिनदार यांचं वेगळंच झालं. कागदावर ही जोडी सुरेख दिसत होती: तिला माणूस कळतो, त्याला पैसा कळतो. पहिल्याच महिन्यात दोघं एकमेकांशी बोलेनात. आजाऱ्यांसाठीच्या निधीतून मावशी पैसे घ्यायची आणि कुठे दिले ते सांगायची नाही. तो पावती मागायचा. ती म्हणायची, "लेका, जिच्या घरात काल तेल नव्हतं तिच्याकडं मी अंगठा मागू?" तो म्हणायचा, "मावशी, मागच्या वर्षी ताईंचं काय झालं ते बघितलं ना?" दोघांचंही बरोबर. मला वाटायचं, पूरक माणसं एकत्र आली की कोडं जुळल्यासारखी बसतात. आमचा अनुभव असा की तीच सगळ्यात जास्त भांडतात, कारण एकाला जे धडधडीत दिसतं ते दुसऱ्याला दिसतच नाही.

या वेळी गुरुजींनी टिळकांचा दाखला दिला, लोकमान्यांचा नाही, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा. नगर भागात ख्रिस्ती माणूस कुठल्याही विषयावर दोन वाक्यांत रेव्हरंड टिळकांपाशी येतो. येशूच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं टाकून टिळक १९१९ साली गेले, आणि ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवलं होतं. याहून पूरक जोडी कुठली, असं गुरुजींचं म्हणणं. पाळकीणबाई पटकन म्हणाल्या, "आणि टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे तेव्हा घर कोणी ओढलं? तेही बाईंनीच लिहून ठेवलंय." त्या असं मोठ्याने बोलतात असं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मुद्दा खराच होता. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची म्हणजे दर वेळी एकच दुसरा भरत राहतो.

तोडगा मार्काच्या शुभवर्तमानातून निघाला. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं. मग ठरलं की खजिनदाराने पावत्या मागायच्या नाहीत, मावशीबरोबर जायचं. शनिवारी दुपारी तो मोटरसायकल काढायचा, मावशी मागे बसायची, पदर आवळून. घरी जाऊन ती तिचं पोतेरं करायची, तो उंबऱ्यावर बसायचा. बाहेर आल्यावर तो वहीत लिहायचा: तारीख, घर, रक्कम, दोघं हजर. तीच पावती. दोन-तीन महिन्यांनी एका घरी मी अचानक गेले, तर हा बी.कॉम. झालेला मुलगा पेशंटच्या पायाशी बसून नखं कापत होता. मावशी त्याच्यावर ओरडत होती, "लई खोल नको रे."

पाळकसाहेबही कधीकधी त्यांच्याबरोबर जायला लागले. तिसरा माणूस म्हणून. बोलायची जबाबदारी नाही म्हटल्यावर त्यांना तिथे बसता येऊ लागलं.

आता माझ्या किल्ल्यांचं. सहा किल्ल्या मी दिल्या. तोंडाने प्रसन्नपणे दिल्या, आतून प्रत्येक किल्लीमागे दात उपटल्यासारखं झालं. भांड्यांच्या खोलीची तरुण संघातल्या एका मुलाला गेली, वय एकोणीस, केसांना तेल नाही, सतत कानात काहीतरी.

उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याची विधी होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याप्रमाणे पाळक बारा जणांचे पाय धुतात. नऊ वर्षं त्या संध्याकाळी मी मागच्या दारात उभी: पाणी कोमट आहे का, परातीखाली फडकं आहे का, टॉवेल आहेत का. कोणाचे पाय धुतले गेले ते मी कधी पाहिलंच नव्हतं. या वर्षी त्या बारांत माझं नाव होतं. बाराव्या खुर्चीवर बसले. चपला काढल्या. टाचांच्या भेगा दिसत होत्या, मी पाय खुर्चीखाली ओढले.

पाळकसाहेब पहिल्या माणसापाशी वाकले, पाणी घातलं, आणि हात मागे केला. हातात टॉवेल आला नाही. तो मुलगा दारात उभा, तोंड पांढरं. विसरला होता. मला माहीत होतं, भांड्यांच्या खोलीत, लोखंडी कपाटात, दुसऱ्या फळीवर, जुन्या पडद्यांखाली सहा कोरे टॉवेल आहेत. मीच ठेवलेले. माझे पाय जमिनीला लागले. शेजारी मिस्त्री बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "बसा ताई."

बसले. पाळकसाहेबांनी खिशातला रुमाल काढला. चौथ्या माणसापर्यंत तो चिंब झाला. पुढच्या आठ जणांचे पाय धुतले गेले आणि ओलेच राहिले. माझी पाळी आली तेव्हा पाणी पार गार झालेलं. त्यांनी पाय हातात घेतला, आणि मला पेत्राची आठवण झाली, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत म्हणणारा. मला ते नेहमी नम्रपणाचं बोलणं वाटायचं. त्या संध्याकाळी पायाखाली गार पाणी आणि डोक्यात दुसऱ्या फळीवरचे टॉवेल असताना जाणवलं, माझं तर तसं नव्हतं. मला कोणाकडून काही घ्यायचंच नव्हतं.

पुढच्या कमिटीत मी उठून सांगितलं, मागे मी गाण्याचं म्हणाले होते, ते खरं उत्तर नव्हतं. मला काम दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. "हे आम्हाला माहीत होतं," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनाच माहीत होतं. हौसेचं काम काय लिहू, असं विचारलं तेव्हा मला काही सुचेना. बरंच थांबून म्हणाले, उपासना सुरू झाल्यापासून आशीर्वाद होईपर्यंत मला बाकावरून उठायचं नाही. पाळकसाहेबांनी इतिवृत्तात तसंच लिहिलं: ताई, उपासनेत बसणं.

त्या मुलाला कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी त्याने चोवीस टॉवेल आणले, किंमतीच्या चिठ्ठ्या न काढता.

हंगामाचा सण पुन्हा आला. लिलाव पुकारायला मिस्त्री, कारण भांडण मिटवणाऱ्या माणसाला बोली चढवताही येते, हे कोणाच्या आधी लक्षात आलं नव्हतं. वहीला दोघं, खजिनदार आणि एक कॉलेजची मुलगी, एक लिहिणारा, एक वाचून दाखवणारा, दोघांपैकी एकाने उठायचं नाही. गॅस बायकांच्या मंडळाकडे, तो संपला का नाही मला माहीत नाही. एकदा वस्तू परत फिरली की त्यावर खडूने आकडा. दोनचा, तीनचा. एका कोंबडीच्या पायाला पाचाची चिठ्ठी होती. शेवटी जुळवताना चाळीस रुपयांचा फरक आला, आणि तो फरक आला म्हणून सगळ्यांच्या समोर वाचला गेला.

मी पटांगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पर्समध्ये एक किल्ली, रजिस्टरांच्या कपाटाची, ती मी मागून घेतलीय. मध्येच एक डांगर पुढे आलं, मोठं, एका बाजूने पिवळं राहिलेलं. कोणी बोली लावेना. मी हात वर केला. शंभर. मिस्त्रींनी मला दीडशेपर्यंत चढवलं, समोर कोणी नसताना.

डांगर कडेवर घेऊन मी वहीपाशी गेले. "दीडशे, पुढच्या रविवारी," म्हणाले आणि वळले.

"नाव?" खजिनदाराने विचारलं. वहीवरून मान वर न काढता. बाळ असताना याला मी संडे स्कूलला कडेवर नेलंय.

"अरे, मी."

"नाव सांगा, ताई."

मी पूर्ण नाव सांगितलं. त्याने लिहिलं. मुलीने वाचून दाखवलं. मग त्याने वही माझ्याकडे फिरवली, पेन पुढे केला, आणि मी डांगर टेबलावर ठेवून सही केली.